गाळा, रस्ता आणि दुकानदार: छोट्या बाजारपेठेच्या संरक्षणाचा आढावा

एखाद्या प्रभागात दारूचे दुकान नको असेल तर महाराष्ट्रात त्याला वाट आहे. 2008 च्या शासन आदेशानुसार पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, गुप्त मतदान होते आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी ‘आडवी बाटली’ म्हटले तर दुकानाला कुलूप लागते. त्याच प्रभागातले भुसारी दुकान, खानावळ किंवा चहाचे हॉटेल बंद पडू नये असे सगळ्या गावाला वाटले, तर मात्र अर्ज कुठे करायचा हेसुद्धा ठरलेले नाही. नको असलेले दुकान घालवण्याची तरतूद आहे, हवे असलेले टिकवण्याची नाही.

छोट्या, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशा दुकानांना नियमांनी संरक्षण द्यावे का, आणि द्यायचे तर कोणत्या नियमांनी, ही चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा मुंबई-पुण्याच्या संदर्भात होते. इराणी हॉटेले गेली, मॉल आले, दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या कंपन्या आल्या, असा तिचा नेहमीचा क्रम. हा आढावा सिंधुदुर्ग जिल्ह्यातले वैभववाडी समोर ठेवून घेतला आहे. गाव लहान असल्यामुळे कोणता नियम कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे तिथे स्पष्ट दिसते.

पेठ आणि तिचे गिऱ्हाईक

वैभववाडी हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुक्याचे ठिकाण. तळेऱ्याहून गगनबावड्याकडे जाणारा रस्ता करूळ घाट चढून कोल्हापूरला जातो, आणि बाजारपेठ याच रस्त्याला धरून वाढली. पलीकडे भुईबावडा घाट. भाजी, कांदे-बटाटे, गूळ घाटावरून खाली येतात. खालून आंबा, काजू, कोकम वर जातात. कोकण रेल्वेचे ‘वैभववाडी रोड’ स्थानक झाल्यापासून मुंबईचा चाकरमानी थेट गावात उतरू लागला. 2015 मध्ये वाभवे-वैभववाडी नगरपंचायत अस्तित्वात आली आणि तोवर ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने चालणारी पेठ एकदम नागरी कायद्यांच्या कक्षेत गेली.

या पेठेतल्या दुकानदाराचे वर्ष सरळ रेषेत जात नाही. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस, मग दिवाळी, मग शिमगा, मग मे महिना. मधले महिने उधारीच्या वहीवर चालतात. गणपतीत मुंबईहून याद्या येतात, आता व्हॉट्सअॅपवर येतात. सामान आधीच बांधून ठेवायचे, गाडी उतरली की घरी पोचवायचे, पैसे कधी रोख, कधी ‘भावाकडून घ्या’. पगारी व्यवस्थापकाच्या साखळी दुकानात हा हिशेब बसत नाही. छोट्या दुकानाची बाजू मांडणारे सर्वांत आधी याच गोष्टीवर बोट ठेवतात.

पण गिऱ्हाईकच कमी होत असेल तर? 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 भरली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आक्रसत होता. त्यामुळे कोकणातल्या दुकानाच्या अडचणीचे सगळे खापर मोठ्या दुकानांवर फोडता येत नाही, आणि नियम कितीही चांगला केला तरी तो गिऱ्हाईक निर्माण करत नाही. पुढच्या चर्चेत हे ध्यानात ठेवावे लागते.

नियोजनाचा कायदा दुकानाकडे कसा पाहतो

महाराष्ट्रात जमिनीचा वापर ठरवणारा मूळ कायदा म्हणजे 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. नगरपंचायत झाली की विकास आराखडा करायचा, त्यात निवासी, वाणिज्य, शेती असे विभाग पाडायचे, मंडई, वाहनतळ, बाजार यांसाठी जागा राखून ठेवायच्या आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवायच्या. बांधकामाचे नियम डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागांसाठी एकच झाले. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली असे त्याचे लांबलचक नाव.

ही नियमावली दुकानाविरुद्ध नाही, उलट उदारच आहे. निवासी विभागातही ठरावीक रुंदीच्या रस्त्यालगत दुकान चालते, दैनंदिन गरजेच्या दुकानांना वेगळे स्थान आहे, घर आणि दुकान एकाच इमारतीत असण्याची आपली जुनी रीत तिला मान्य आहे. नगररचनाकार हे अभिमानाने सांगतात आणि त्यात तथ्य आहे. युरोप-अमेरिकेतल्या अनेक उपनगरांत कोपऱ्यावरचे दुकान नियमांनीच हद्दपार झाले. आपल्याकडे ते झाले नाही.

मात्र नियमावली पाहते ती वापर. वाणिज्य म्हणजे वाणिज्य. तिथे तीन पिढ्यांचे भुसारी दुकान आहे की मोबाइल कंपनीची शाखा, याच्याशी तिला देणे-घेणे नाही. खानावळ जाऊन तिथे बँकेचे एटीएम आले तर नकाशावरचा रंग बदलत नाही. आराखड्यातले आरक्षणही पूर्ण भरवशाचे नाही: मंडईसाठी राखलेली जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक 127 कलमाखाली नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. जिथे वर्षाचे उत्पन्न कर्मचाऱ्यांच्या पगारालाच पुरते अशा नगरपंचायतीला मंडईची जागा विकत घेणे किती झेपते, हा वेगळा प्रश्न.

भाडे आणि गाळे

दुकानाला खरे संरक्षण मिळाले ते नगररचनेतून नाही, भाडेकायद्यातून. 1947 च्या मुंबई भाडेकायद्याने प्रमाणभाडे गोठवले आणि जुन्या शहरांतली हजारो दुकाने त्या आडोशाला टिकली. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पागडीला कायद्याचे छत्र दिले आणि भाडेकरू दुकानदाराच्या पश्चात तोच धंदा सांभाळणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क मान्य केला. याच कायद्यातली एक तरतूद आपल्या विषयात फारशी कुणी उद्धृत करत नाही. बँका, सरकारी महामंडळे, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे लहान व्यापारी आणि मोठी कंपनी यांत भेद करणारा नियम आपल्या कायद्याच्या पुस्तकात 2000 पासून पडून आहे. असा भेद कायद्याने करता येतो का, या प्रश्नाचे उत्तर त्यात आधीच आहे.

या संरक्षणाची किंमतही मोजावी लागली. भाडे नाममात्र राहिल्याने मालकांनी डागडुजी सोडली, इमारती मोडकळीला आल्या, रिकामी जागा भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे लोकांना बरे वाटू लागले. पागडीत जागा असलेला दुकानदार सुखी आणि नवा धंदा सुरू करणारा तरुण बाहेर, असा तोल गेला. भाडेनियंत्रणाच्या विरोधकांचा हा मुद्दा त्याचे समर्थकही आता फारसा नाकारत नाहीत.

छोट्या गावात खासगी भाड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो पालिकेचा गाळा. व्यापारी संकुल बांधायचे, गाळ्यांचा लिलाव करायचा, अनामत घ्यायची, हे राज्यभरच्या नगरपालिकांचे ठरलेले उत्पन्न. मुदत संपली की वाद सुरू होतो. जळगावात महापालिकेच्या अठरा संकुलांतल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांची मुदत 2012 मध्ये संपली, आणि नूतनीकरण कोणत्या दराने, फेरलिलाव करायचा की जुन्याच गाळेधारकाला द्यायचा, यावर पुढे वर्षानुवर्षे आंदोलने, नोटिसा आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. राज्य सरकारला नियम बदलावे लागले. गाळेधारक म्हणतात, पेठ आम्ही उभी केली, रेडीरेकनरच्या हिशेबाने भाडे लावाल तर आम्ही उठलो. पालिकेचे म्हणणे, सार्वजनिक मालमत्ता बाजारभावाने द्यायला कायदा सांगतो, आणि जुने गाळेधारक पोटभाडेकरू ठेवून मधला मलिदा खातात. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. गाळा देताना ‘स्वतः धंदा करणाऱ्यालाच’ अशी अट घालून ती पाळली जाते की नाही हे बघणे, एवढी गोष्ट मात्र कोणत्याही नव्या कायद्याशिवाय आजही करता येण्यासारखी आहे.

आठवडा बाजार आणि पथविक्रेता कायदा

व्यापाऱ्यांच्या संरक्षणाचा देशातला सर्वांत स्पष्ट कायदा दुकानदारांसाठी नाहीच. तो 2014 चा पथविक्रेता कायदा. शहर फेरीवाला समिती, तिच्यात चाळीस टक्के विक्रेते आणि त्यांत एक तृतीयांश महिला, दर पाच वर्षांनी पाहणी, पाहणीत आलेल्या प्रत्येकाला सामावून घेण्याची जबाबदारी, हे सगळे त्यात आहे. शिवाय लोक पिढ्यानपिढ्या जिथे विकायला-घ्यायला जमतात त्या ‘नैसर्गिक बाजारा’ची कल्पना आहे, आणि पन्नास वर्षांपेक्षा जुना असा बाजार वारसा बाजार ठरवून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये असे परिशिष्टात म्हटले आहे. एखाद्या चालत्या बाजाराला जुनेपणामुळे संरक्षण देणारी आपल्याकडची ही विरळ तरतूद.

वैभववाडीच्या आठवडा बाजाराला ती कशी लावायची यात खरी गंमत आहे. कायद्याने विक्रेत्यांची कमाल संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्के धरली आहे. चार हजार वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने शंभर विक्रेते पुरेत. पण आठवडा बाजार गावाचा नसतो, तालुक्याचा असतो. उंबर्डे, भुईबावडा, करूळ, नापणे इथली माणसे त्या दिवशी खाली उतरतात, घाटावरचे भाजीवाले टेम्पो घेऊन येतात, पावसाळ्याच्या तोंडावर सुक्या मासळीच्या पाट्या लागतात. यातले कितीजण ‘शहरातले’ पथविक्रेते? आठवड्यातून एकदा येणाऱ्याला प्रमाणपत्र कुठल्या पालिकेने द्यायचे? कायदा करताना रोज त्याच फुटपाथवर बसणारा महानगरातला फेरीवाला डोळ्यांपुढे होता, आठवडा बाजारात फिरणारा विक्रेता नव्हता.

पक्के दुकानदार आणि बाजारात बसणारे यांचे हितसंबंधही एक नाहीत. गाळ्याचे भाडे आणि घरपट्टी भरणारा दुकानदार दारातल्या पालावर चिडतो. तरी बाजाराचा दिवस नसेल तर त्याच्या दुकानात गर्दीही नसते, हे तोही जाणतो.

दारूची गोष्ट

इंग्लंडमध्ये या विषयाची चर्चा पबपासून सुरू होते. आपल्याकडे पबच्या जागी काय धरायचे? परमिट रूम म्हटले तर तिच्याभोवती नैतिकतेचा वाद आहे; गप्पांची जागा म्हणून पाहिले तर ती चहाच्या हॉटेलात सापडेल. पण परवाना असलेली जागा सरकारी नियमाने रातोरात कशी हलते हे बघण्यासाठी 2017 चे उदाहरण घेण्याजोगे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री 1 एप्रिल 2017 पासून बंद करण्याचा आदेश दिला. ऐनवेळी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर करण्यात आले. कोकणातली बहुतेक गावे रस्त्याला धरून वसलेली. 220 मीटर मागे सरकले की गाव संपते आणि काजूची बाग लागते. दारू बंद झाली तशी तिच्या जोरावर चालणारी जेवणेही बंद झाली. जुलै 2017 च्या खुलाशाने नगरपालिका हद्दीतल्या आस्थापनांना मोकळीक मिळाली, ग्रामपंचायत हद्दीतल्यांना 2018 पर्यंत वाट पाहावी लागली. रस्ता तोच, अपघाताचा धोका तोच, गिऱ्हाईकही तेच. धंदा चालू की बंद हे ठरले ते गावाच्या पाटीवर ग्रामपंचायत लिहिले आहे की नगरपंचायत यावरून.

जानेवारी 2022 मधला निर्णय याच्या उलट दिशेचा. राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली ती एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांना. विरोधामुळे तो अमलात आला नाही. वाद झाला तो दारूवर. आकाराची ही अट लहान दुकानाला आपोआप वगळते याकडे फारसे लक्ष गेले नाही.

बाहेर काय करून पाहिले

फ्रान्सने 1973 मध्ये कायदा करून लहान गावांत एक हजार आणि मोठ्या शहरांत दीड हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना स्थानिक समितीची परवानगी सक्तीची केली. 1996 मध्ये ही मर्यादा 300 वर आणली, 2008 मध्ये पुन्हा हजारावर नेली. जपानने 1973 मध्ये असाच कायदा केला आणि 2000 मध्ये तो रद्द केला. सॅन फ्रान्सिस्कोने आकार सोडून साखळीलाच धरले: जगभरात अकरा किंवा अधिक शाखा असलेल्या दुकानाला बहुतेक वस्तीतल्या बाजारपेठांत खास परवानगी लागते. इंग्लंडने 2017 पासून पबचा वापर बदलायला नियोजन परवानगी सक्तीची केली. त्याआधी 2011 च्या कायद्याने गावकऱ्यांना एखादी जागा ‘समाजाच्या दृष्टीने मोलाची’ म्हणून नोंदवण्याचा हक्क दिला होता. अशी जागा विकायला निघाली तर सहा महिने थांबावे लागते आणि त्या अवधीत गावाने वर्गणी काढून ती घेण्याचा प्रयत्न करायचा. सक्ती नाही, फक्त वेळ मिळतो.

परिणाम काय झाले? फ्रान्सच्या कायद्यावर बर्त्रां आणि क्रामार्झ या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की प्रवेशबंदीमुळे किरकोळ व्यापारातली रोजगारवाढ खुंटली. अधिक विचार करायला लावणारा अभ्यास रफाएला सादून यांचा, 2015 चा, इंग्लंडवरचा. गावाबाहेरच्या महादुकानांना परवानगी अवघड केल्यावर मोठ्या कंपन्या थांबल्या नाहीत. त्यांनी गावाच्या मध्यात छोटी दुकाने उघडली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्यांचा मार जास्त बसला. ज्यांच्यासाठी नियम केला त्यांनाच तो भोवला. फक्त आकारावर बंधन घालण्याची सूचना आपल्याकडे जेव्हा जेव्हा येते तेव्हा हा दाखला समोर ठेवायला हवा.

भूमिका

व्यापारी संघटनांची मागणी मुळात नगररचनेची नाही. त्यांचा रोख परदेशी भांडवलावर आणि ऑनलाइन सवलतींवर आहे. 2012 मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी मिळाली तेव्हा दहा लाखांवरच्या शहरांची आणि राज्याच्या संमतीची अट होती, म्हणजे सिंधुदुर्ग त्या वादात कागदावर कुठेच नव्हता. 2024 मध्ये वितरकांच्या देशव्यापी महासंघाने वर्षभरात सुमारे दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचा दावा केला. दावा करणारे या लढ्यातले एक पक्षकार आहेत हे लक्षात घेऊनच तो वाचावा.

दुसरी बाजू ग्राहकाची आणि बाजारावर विश्वास ठेवणाऱ्या अर्थशास्त्र्यांची. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून ‘इक्रिअर’ संस्थेने 2008 मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले, की मोठ्या दुकानांच्या शेजारच्या छोट्या दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटतो, पण काळानुसार हा परिणाम ओसरतो. स्पर्धेमुळे बंद पडणाऱ्या दुकानांचे प्रमाण वर्षाला 1.7 टक्के निघाले. ही पाहणी मोबाइलवरून किराणा मागवण्याच्या आधीच्या काळातली आहे. तरी तिचा गाभा अजून वादात वापरला जातो: दुकानदाराला संरक्षण दिले तर त्याचा खर्च गरीब गिऱ्हाईक जादा भावाने भरते.

तिसरी वाट सहकाराची. मुंबईत 1948 साली सुरू झालेला अपना बाजार आणि घाटापलीकडे वारणानगरचा वारणा बाजार ही तिची ठळक उदाहरणे. मोठ्या खरेदीचा फायदा आणि मालकी सभासदांची, असे हे गणित. पण ज्या गावात असा बाजार येतो तिथल्या जुन्या वाण्याला तो मोठा स्पर्धकच. ‘स्थानिक’ आणि ‘छोटे’ या दोन गोष्टी एकच नाहीत हे सहकाराने दाखवून दिले.

मला स्वतःला या तिन्ही भूमिकांत एक उणीव जाणवते. जिल्ह्यातल्या पेठांना गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा धक्का बसला तो ना परदेशी कंपनीचा ना ऑनलाइनचा, तो रस्त्याचा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात कणकवली शहरावरून उड्डाणपूल गेला आणि पेठेतून जाणारी वाहने डोक्यावरून जाऊ लागली. वाहतूक कोंडी सुटली हे खरे. ज्यांचा धंदा थांबणाऱ्या गाडीवर होता त्यांचे गिऱ्हाईक गेले हेही खरे. रुंदीकरणात जागा गेली तर 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या परिशिष्टात छोट्या व्यापाऱ्यासाठी किमान 25 हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य आहे. जागा न जाता नुसते गिऱ्हाईक गेले तर त्याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

न सुटलेले

पहिला पेच, संरक्षण कशाला द्यायचे: वापराला, व्यक्तीला की भाड्याला? वापर राखला तर खानावळीच्या जागी खानावळच येईल, पण ती साखळीतलीही असू शकेल. व्यक्तीला राखले तर पागडीचा इतिहास पुन्हा घडतो. भाडे राखले तर मालकाच्या खिशातून धोरण चालवल्यासारखे होते. इंग्लंडची थांबण्याची मुदत या तिन्हींना बगल देते, पण तिच्यासाठी पैसे उभे करणारे गाव लागते. गणपतीला येऊन देवळाच्या जीर्णोद्धाराला भरघोस वर्गणी देणारी मुंबईकर मंडळे गावातल्या हॉटेलासाठी हात सैल सोडतील का, सांगवत नाही. अशी नोंद करण्याची तरतूद 1966 च्या कायद्यात घालायची तर तिचा खर्च फारसा नाही.

दुसरा पेच अधिकाराचा. आराखडा नगरपंचायतीचा, महामार्ग केंद्राचा, परवाना उत्पादन शुल्क विभागाचा, भाडे न्यायालयाचे, परदेशी गुंतवणूक दिल्लीची. दुकानदार मात्र एकच, आणि त्याची गाठ या सगळ्यांशी. पेठेचा एकत्र विचार करण्याची जबाबदारी यांपैकी कुणावरच टाकलेली नाही.

तिसरा पेच वैभववाडीपुरता आहे आणि तो ताजा आहे. रुंदीकरणासाठी करूळ घाट 2024 मध्ये दीर्घकाळ बंद राहिला, माल फोंडा आणि भुईबावडा घाटांच्या वळशाने आणावा लागला आणि वाहतूकभाडे वाढले. नवा रस्ता झाल्यावर घाटावरची भाजी आणि होलसेलचा माल लवकर उतरेल, दुकानदाराची खरेदी स्वस्त होईल. त्याच रस्त्याने गिऱ्हाईकही रविवारी सकाळी निघून कोल्हापुरातल्या मोठ्या दुकानात भरणा करून संध्याकाळी परत येऊ शकेल. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वेमार्गाचा प्रस्ताव प्रत्यक्षात आला तर दोन्ही दिशांचा ओघ आणखी वाढेल. पेठेच्या हद्दीतला रस्ता किती रुंद, दुभाजकाला फटी कुठे, गाडी उभी करायला जागा किती आणि बाजाराच्या दिवशी टेम्पो कुठे लावायचे, हे नकाशावर ठरवण्याची वेळ तळेरे-गगनबावडा रस्त्यावरच्या प्रत्येक गावासमोर आहे, आणि त्या नकाशावर हरकती घेण्याची मुदत साधारण महिन्याभराचीच असते.